चिमीची खुर्ची

“हॅलो?… हां चिमे, बोल… नाही गं, झोपले कुठली, आत्ता या मिनिटाला घरात शिरतेय. थांब, किल्ली दारालाच राहिली… हां. आता मी हळू बोलते हं, पिल्लू झोपलंय… नाही, नाही, तुझं काही ऐकायचं नाही आज. जोक नंतर. आज मी बोलणार आणि तू ऐकणार. अगं, मी ओरडले!… मी! मी गं, तुझी ताई!… कुणावर काय? सांगते ना, आधी बूड तर टेकू दे.”

बूड टेकायला थोरलीची जागा ठरलेली होती. स्वयंपाकघरात फ्रिज आणि कपडे धुण्याचं मशीन यांच्यामध्ये एक बुटकं स्टूल होतं. तिथं बसून बोललं की आवाज आतल्या खोलीत जात नसे. पोरगी चार वर्षांची, आणि झोप सशाची. तिच्या उशाशी बसलेल्या शेजारच्या आजी खुणेनंच ‘जाते’ म्हणून गेल्या. थोरलीने डोक्याचा स्कार्फ सोडला, केमोनंतर नुकती उगवू लागलेली लव तळहाताने खसाखसा खाजवली आणि गुडघे जवळ घेऊन बसली.

धाकटी चिमी डोंगरापलीकडच्या गावात लोकांना गाडी चालवायला शिकवायची. दुपारी एक शिकाऊ उतरला आणि दुसरा यायचा असला की मधल्या वेळात ती ताईला फोन करायची. एक जोक सांगायची, ‘कशी आहेस?’ विचारायची, ‘मजेत’ ऐकायची आणि ठेवून द्यायची. थोरलीच्या छातीत गाठ सापडली तेव्हापासून केमो संपेपर्यंत हे असंच चालू होतं. फोन कधी चुकला नव्हता. आणि चिमी कधी आली नव्हती.

आता परवावर ऑपरेशन आलं होतं.

“अगं, तो आमचा गट नाही का, दर आठवड्याचा… हो, तोच, तू ज्याला रडकं मंडळ म्हणतेस… तिथंच ना, फिजिओथेरपीच्या खोलीत. ते मोठाले रबरी चेंडू भिंतीशी आणि आम्ही बायका गोल करून… हो, सगळ्या कॅन्सरवाल्याच. दुसऱ्या कुणाला कशाला घेतील?… नाही गं, उदास वगैरे काही नसतं. तुमच्या त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जेवढं हसत नसतील तेवढं हसतो आम्ही… ऐक ना!

“तिथे एक नियम आहे. कुणी रडलं तर तिला रुमाल द्यायचा नाही… निर्दयी काय त्यात? अगं, रुमाल पुढे केला की माणूस लगेच डोळे पुसतं आणि गप्प बसतं. बाई म्हणतात, रुमाल देणं म्हणजे चांगल्या शब्दांत ‘आता पुरे’ सांगणं… बाई म्हणजे समुपदेशक बाई… हो, त्याच. मला म्हणाल्या होत्या ना, तुमचं बोलणं केकवरच्या अक्षरांसारखं आहे म्हणून. गोड, आणि दोन ओळींत संपणारं.”

थोरली बेकरीत कामाला होती. सजावटीचं टेबल तिचं. लोकांची बारशी, वाढदिवस, परीक्षेतलं यश, सगळ्यांचा आनंद ती कागदी कोनातून क्रीमची बारीक धार सोडत केकवर लिहायची. हात असा स्थिर, की मालक म्हणायचा, भूकंप झाला तरी हिची वेलांटी हलायची नाही. बाईंनी ते वाक्य म्हटलं तेव्हा थोरली हसली होती, आणि मग घरी येईपर्यंत तिला ते टोचत राहिलं होतं.

“हां, तर आज काय झालं. बाईंनी मधोमध एक रिकामी खुर्ची ठेवली. म्हणाल्या, ज्या माणसाला तुम्ही मनातलं सांगूच शकत नाही, त्याला इथे बसवा… अगं, कल्पनेनं! खरं कोण येणार आहे?… नाही, तुझ्या भावोजींना नाही बसवलं. त्यांना मी रोज सांगते. ते ऐकतातही आणि ऐकता ऐकता भांडी घासतात… सासूबाई? छे, त्यांच्याशी माझं कधीच काही अडत नाही… ओळख की… नाही… नाही… तुला, चिमे. तुला बसवलं.

“…हॅलो? आहेस ना?… मग बोल की काहीतरी… हसू काय येतंय? मी सांगतेय ते खरं आहे.

“बरं, मला काही बोलताच येईना. रिकाम्या खुर्चीकडे बघून मी आपली म्हणतेय, ‘चिमी फार गुणी आहे हो, रोज न चुकता फोन करते, पण तिचे क्लास असतात, तिला सुट्टी मिळत नाही…’ तर आमच्यात ती बसकंडक्टर आहे ना, ती मागून ओरडली, ‘ओ ताई, दारात अडकू नका, पुढे सरका!’… हो ना! सगळ्या हसल्या. मीपण.

“मग मुख्याध्यापिका बाई उठल्या… त्या गं, रिटायर झालेल्या, काठी घेऊन येतात. म्हणाल्या, ‘मी होते चिमी.’ आणि बसल्या की तुझ्या खुर्चीत! काठी दिली कंडक्टरकडे, पायावर पाय टाकला आणि म्हणाल्या, ‘ए ताई, एक जोक ऐक!’… अगदी तुझ्यासारख्या! तो ‘ए’ सुद्धा तसाच लांबवला… त्यांना कसं माहीत म्हणजे? तुझे सगळे जोक मी दर आठवड्याला तिथे सांगते. तू प्रसिद्ध आहेस तिथे… हो, उंटाचा पण. तोच सांगायला लागल्या. शेवट विसरल्या, तर थांबायचं की नाही? नाही. दुसरा काढला. मग तिसरा. बायका हसतायत, बाईसुद्धा हसतायत, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, चिमे… इथून, पोटातून काहीतरी वर आलं. मला वाटलं उलटीच होतेय. केमोची सवय ना! पण उलटी नव्हती गं. राग होता. मी उठले आणि म्हणाले, ‘बास! बास कर तुझे जोक! तू का येत नाहीस? का येत नाहीस तू?’”

हे वाक्य थोरलीने आत्ताही ओरडूनच म्हटलं, पण कुजबुजीत. कुजबुजीत ओरडायची कला आई झालं की आपोआप येते. गळ्याच्या शिरा ताणल्या जातात, हातवारे होतात, आणि आवाज मात्र उंबऱ्याच्या आत राहतो. तिचे कान लाल झाले होते. कित्येक महिन्यांत तिला इतकं जिवंत वाटलं नव्हतं.

“काय सांगू तुला! पुढ्यात एक चेंडू होता, निळा, एवढा मोठा. त्याला लाथ मारली मी… अगं हो, मी! तो भिंतीवर आपटून परत माझ्याच अंगावर आला, म्हणून आणखी एक मारली. वॉचमन धावत आला, ‘कोण पडलं, कोण पडलं?’ कंडक्टर म्हणते कशी, ‘कुणी पडलं नाही दादा, एक जण उठलीय!’…

“चिमे?… हसली नाहीस… काय झालं?… हो, सगळ्यांसमोर… हो, नाव घेऊनच… बदनामी कसली त्यात? त्या बायकांना तू आवडतेस… अगं पण… बरं. बरं, मला वाटलं नव्हतं तुला इतकं… रागावू नकोस ना. नाही, थांब, चुकले. रागाव. रागाव तू, मी ऐकते…

“हं… हं… हो, रोज करतेस फोन. एक दिवस चुकवला नाहीस. मला माहीत आहे… हो, पैसेही पाठवलेस, केसांचा टोप पाठवलास. सगळं खरं आहे, चिमे. त्यातलं काहीही खोटं नाही… पण टोप येऊन माझ्याजवळ बसत नाही ना गं.

“कोण काकू?… शिकायला आल्यात? येऊ देत. बसू देत गाडीत… हॉर्न वाजवतायत? वाजवू देत की, तेवढीच प्रॅक्टिस!… नाही. चिमे, नाही. फोन ठेवायचा नाही. रोज तूच ठेवतेस, आज मी सांगेन तेव्हा. माझं खरं सांगायचं अजून पुढेच आहे.”

थोरलीने स्टूल पुढे ओढलं. मशीनमध्ये सकाळचे ओले कपडे तसेच पडले होते, पण आज त्यांच्याकडे बघायलाही तिला सवड नव्हती. तिने फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

“मी ओरडल्यावर बाई म्हणाल्या, आता चिमीने उत्तर द्यायचं. म्हणजे मुख्याध्यापिका बाईंनी, तुझ्या वतीने. त्यांनी पायावरचा पाय खाली घेतला. मला वाटलं, मी त्यांना दुखावलं. आणि मग त्या एकदम म्हणाल्या, ‘मी आले आणि तू माझ्या डोळ्यांदेखत गेलीस तर?’

“…त्यांनी पटकन तोंडावर हात ठेवला गं. हे त्यांनी ठरवून म्हटलंच नव्हतं. त्यांचा भाऊ होता म्हणे. आजारी. शेवटपर्यंत त्या त्याच्याकडे गेल्या नाहीत, आणि आजपर्यंत सगळ्यांना सांगत आल्या की शाळेच्या परीक्षा होत्या. चिमी व्हायला गेल्या आणि स्वतःच बाहेर आल्या… मग त्या रडल्या, आणि आम्ही बसून राहिलो. कुणी रुमाल दिला नाही.

“चिमे… येताना बसमध्ये सगळा वेळ माझ्या डोक्यात तेवढंच घोळत होतं. तुझंही असंच आहे का?… क्लासचं मला सांगू नकोस. सुट्टीचंही नको… हो का नाही, एवढंच…

“बरं, तू नको बोलूस. मीच आधी बोलते. मला भीती वाटते. परवाची. तो मास्क तोंडावर ठेवतात ना, आणि मोठे श्वास घ्या म्हणतात, त्याची. त्याआधी कुणाचं तरी तोंड दिसावं असं वाटतं मला… भावोजी असतील गं, पण ते तिथे नुसते घामाघूम होऊन ‘होईल सगळं ठीक’ म्हणत राहतात, आणि मग मलाच त्यांना धीर द्यावा लागतो. मला तू हवी आहेस. लहानपणी वीज कडाडली की माझ्या अंथरुणात घुसायचीस तशी. भित्री असलीस तरी चालेल. नाही, भित्रीच हवीस… चिमे, मी मजेत नाहीये. एक दिवससुद्धा नव्हते.”

बोलून झालं आणि थोरलीला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. हे वाक्य तिने गटात घोकलं होतं, आरशासमोर म्हणून पाहिलं होतं, बसच्या काचेवर पुटपुटलं होतं. तिला वाटलं होतं, ते बाहेर पडलं की आभाळ कोसळेल. फ्रिज आपला घुर्रर्र करत राहिला. नळ ठिबकत राहिला. आणि फोनमध्ये, दूर कुठेतरी, एका गाडीचा हॉर्न वाजून थांबला.

“हं… बोल… मी आहे, कुठे जात नाही… आईचं? आईचं काय?… थांब, हळू, मला नीट कळेना… त्या दिवशी? तू आत होतीस?… पण तूच तर सांगितलंस सगळ्यांना, आई झोपेत गेली म्हणून… मग?… हं… तू जोक सांगत होतीस… हं… आणि ती?… हसली… खूप… मग ठसका लागला… हं… नर्सने तुला बाहेर काढलं… आणि परत आत घेतलं तेव्हा… हं.

“…हं.”

आईलाही हाच आजार होता. तेव्हा चिमी कॉलेजात होती आणि थोरली नोकरीसाठी दूरच्या शहरात. रात्रीची गाडी पकडून ती पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं, आणि चिमी दारात उभी राहून आल्यागेल्याला तेच एक वाक्य सांगत होती. झोपेत गेली. थोरलीने ते वाक्य उराशी धरलं होतं खरं, पण मिटल्या डोळ्यांपुढे तिला नेहमी एक पांढरी खोली दिसायची आणि त्यात आई, एकटी.

“तुझ्या जोकनं?… आणि म्हणून तू दवाखान्याची पायरी… म्हणून फोनवरच… फोनवर कुणी हसलं तरी तुला दिसत नाही, म्हणून… अगं चिमे… अगं माझ्या बाळा… रडू न—”

तिने ओठ दातांत धरला. शब्द अर्धा बाहेर आला होता, तो तिने तसाच आत ओढून घेतला. फोन कानाशी घट्ट धरून, मशीनच्या गार पत्र्याला डोकं टेकून, ती आपल्या धाकट्या बहिणीचं रडणं ऐकत राहिली. इतक्या वर्षांत तिने ते ऐकलंच नव्हतं. आईच्या वेळीही नाही.

“हं… मी आहे…

“…आहे गं.

“…चिमे, एक विचारू?… आई कशी हसली?… म्हणजे ते तिचं, आवाज न करता, नुसते खांदे उडायचे, तसं?… डोळे गच्च मिटून?… आणि हाताने ‘पुरे, पुरे’ करत?… खरंच?… अगदी तसं?… अगं! अगं चिमे! मला वाटायचं, ती एकटी होती! इतकी वर्षं मी तिला त्या खोलीत एकटीच बघत आले… आणि ती हसत होती? तू होतीस तिच्याजवळ आणि ती हसत होती! हे तू मला आज सांगतेस? इतकी चांगली गोष्ट तू दाबून ठेवलीस?… वाईट कसली? वेडी आहेस का? जोकनं माणूस मरत नाही… अगं, डॉक्टरांनी आठवडाभर आधीच सांगितलं होतं बाबांना, आता काही खरं नाही म्हणून. तुला कुणी सांगितलं नाही, लहान म्हणून… नाही, खरंच नाही. आणि मी सांगू? तुझे जोक कुणी मरावं इतके चांगले नाहीतच मुळी!

“…हसलीस! हसलीस ना? ऐकलं मी!… मीपण… मला ना, रडू येतंय का हसू, तेच समजत नाहीये… श्श्श… थांब, थांब…

“पिल्लू उठलंय. दारात उभी आहे, कापडी ससा हातात घेऊन… ये, ये गं माझ्याकडे. हळू, या बाजूने… मावशीशी बोलतेय… हो, रडतेय मी… नाही, आज डोळ्यात काही गेलं नाही, खरंखुरं रडतेय… मावशीपण. आम्ही दोघी… लागलं नाही गं कुठे. आमची आई आठवली आम्हाला. आणि तुझ्या आईला थोडी भीती वाटतेय… हो, मोठ्या माणसांनापण वाटते…

“चिमे, ऐकलंस काय म्हणाली? नाही ऐकलंस? म्हणते, ‘बरं. तुझं रडून झालं की मला दूध दे!’”

पोरगी मांडीवर चढली आणि आईच्या डोक्यावरच्या मऊ लवेवर गाल घासून पाहू लागली. गेले कित्येक महिने थोरली बाथरूममध्ये नळ सोडून रडत आली होती. एवढ्याशा जिवाला घाबरवायचं नाही म्हणून. आणि तो एवढासा जीव आता काही न घाबरता, सशाचा कान चोखत, आपली पाळी यायची वाट बघत बसला होता.

“हॅलो, हां… काय म्हणालीस?… पुन्हा म्हण… येतेस?… परवा सकाळी ना? मग तू असं कर, पहाटेची… आत्ता?… आत्ता म्हणजे आत्ता?… अगं कपडे?… माझे घालशील, बरं, पण तुला होतील का? मी किती बारीक झालेय तुला कुठे माहितीये… आणि येणार कशी?… ड्रायव्हिंग स्कूलची गाडी? ती डोक्यावर पाटी असलेली?… आणि त्या काकू? अजून गाडीत आहेत?… मग त्यांना उतरव ना आधी!… काय म्हणतायत त्या?… ऐकलं सगळं त्यांनी?… त्यापण रडतायत?… काय? त्यापण येतायत?… त्या चालवणार? घाटात?… तुझ्या पायाखालीपण ब्रेक आहे म्हणून काय झालं!…”

नेहमीचं वाक्य थोरलीच्या जिभेवर येऊन उभं राहिलंच. कशाला उगाच धावपळ, राहू दे, मी बघते सगळं. सुबक, गोलसर, घाईत असलेल्या माणसाला बरं वाटावं असं. चिमीला परत फिरायला तेवढंसुद्धा पुरलं असतं.

“ये.

“…हो, बरोबर ऐकलंस. ये. लगेच ये… दवाखान्यात आत यायला नाही जमलं तर दारात बस. दारात नाही जमलं तर गाडीत बस. पण मला दिसशील अशी बस… हो. हो गं. मीपण… आणि ऐक, घाटात काकूंना बाजूला बसव!… हां, ठेवते आता. माझं रडून झालंय, पोरीला दूध द्यायचंय.”